काऊन उभं हाय?

यासीनचाचांची आठवण आली की मला आधी राग येतो. माणूस आपल्याला फार आवडायचा हे नंतर आठवतं. इतकी वर्षं झाली तरी हा क्रम बदललेला नाही.

मोताळ्यात माझं वर्कशॉप आहे. पोकलेन, कॉम्प्रेसर, ट्रॅक्टर असलं सगळं दुरुस्तीला येतं. चाचा तिथं यायचे ते सलाम नाही, रामराम नाही, दारातूनच प्रश्न टाकत यायचे. "काऊन उभं हाय?" समोर जे काही थांबलेलं दिसेल ते का थांबलंय, असा हा प्रश्न असायचा. हातात पाना घेऊन डोकं खाजवत बसलेला माझा माणूस असो, ऑइल उतरायची वाट बघणारा कॉम्प्रेसर असो, नाहीतर दारात आडवी आलेली शेजाऱ्याची म्हैस असो. उत्तराची वाट ते बघायचे नाहीत. शर्टाच्या बाह्या सारत स्वतःच पुढं व्हायचे आणि थांबलेल्या वस्तूला हात घालायचे. म्हशीलासुद्धा.

उंच, वाळकी अंगकाठी, डोक्यावर जाळीची टोपी, भुवयांत कायम दगडाची पांढरी धूळ. कानामागे खडूचा तुकडा. सुताराच्या कानामागे पेन्सिल असते तसा, पण हा माणूस खदानवाला होता. रोहिणखेडच्या अलीकडं, टेकडीच्या पोटात, त्यांची काळ्या दगडाची खदान होती. खडूचं काम तिथलं, त्याबद्दल पुढं सांगतोच.

एकदा राजूर घाट उतरताना आमची एसटी बंद पडली. ड्रायव्हरनं डेपोला फोन लावला आणि तो कठड्यावर निवांत बसला. चाचा मागच्या सीटवर होते. ते खाली उतरले, ड्रायव्हरला आपला नेहमीचा प्रश्न विचारला, आणि पुढच्या काही मिनिटांत गाडीतले झाडून सगळे पुरुष मागून गाडी ढकलत होते. इस्त्रीचे कपडे घातलेले एक गुरुजीसुद्धा त्यात होते. गाडी उतारावर घरंगळली, गिअर पडला, इंजिन सुरू झालं, आम्ही पळत पळत आत चढलो. चाचा सगळ्यात मागे राहिले होते. पुन्हा बंद पडेल या भीतीनं ड्रायव्हर थांबायला तयार होईना. मी खिडकीतून बघितलं तर चाचा रस्त्याच्या मधोमध उभे राहून उजवा हात डोक्यावर नेऊन गोल फिरवत होते. म्हणजे निघा, थांबू नका. घाट ते पायी उतरून आले आणि वर दुसऱ्या दिवशी मला हसत सांगत होते की गाडी वेळेत पोचली ना, मग झालं.

तो फिरवलेला हात खदानीतला होता. ट्रॉली भरली की चाचा तसा हात फिरवायचे आणि ट्रॅक्टर निघायचा.

खदान दोघांची होती, यासीनचाचा आणि देवराव. दोघांचे बाप एकाच टेकडीवर घणानं दगड फोडायचे. एक मुसलमान मोहल्ल्यातला, एक बौद्धवाड्यातला. पोरांनी पुढं मिळून टेकडीचा पट्टा घेतला, मग कॉम्प्रेसर घेतला आणि बऱ्याच वर्षांनी एक लहान पोकलेन. ती जुनीच होती. पिवळा रंग उडालेला, केबिनची एक काच पत्र्याची. ती देवराव चालवायचा. देवराव बुटका, तोंडाचा फटकळ, दिवसभर केबिनमधून कोणाला ना कोणाला शिव्या घालत राहायचा. खाली चाचा, वर देवराव. मध्ये दगड.

आता खडूचं. त्या खदानीत नंबर असायचा. सकाळी जो ट्रॅक्टर आधी येईल त्याच्या ट्रॉलीच्या फाळक्यावर चाचा खडूनं आकडा टाकायचे, आणि मग त्याच क्रमानं दगड भरला जायचा. गावात ज्याच्याकडं ट्रॅक्टर आहे त्यानं यावं, नंबर लावावा, दगड भरून क्रशरवर नाहीतर कोणाच्या विहिरीच्या बांधकामावर न्यावा. खेप त्याची, भाडं त्याचं. शेतीचं काम नसेल तेव्हा निम्म्या गावाची चूल त्या नंबरावर पेटायची. ओळख चालायची नाही. सरपंचाच्या पुतण्यानं नवाकोरा ट्रॅक्टर आणून मध्ये घुसवला आणि चाचा आणि देवराव जेवायला गेलेले बघून मजुरांकडून ट्रॉली भरून घेतली, तेव्हा चाचांनी परत येऊन ती ट्रॉली रिकामी करायला लावली. दगड देवरावच्या मशीननं काढला. देवरावनं तो काढताना सरपंचाच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. चाचांचा सख्खा मेहुणासुद्धा उन्हात नंबर धरून बसायचा आणि बहिणीकडं जाऊन कुरकुर करायचा.

लहान पोकलेन दोन-चार ट्रॉल्या भरायची तोवर पहिली परत यायची. कोणी कोणासाठी फारसं थांबत नव्हतं. तेव्हा ही गोष्ट कोणाच्या लक्षातही आली नाही, कारण जे नीट चाललेलं असतं त्याच्याकडं आपण बघत नाही. सगळं एका मापाचं होतं. बकेट ट्रॉलीच्या मापाची, दगड क्रशरच्या जबड्याच्या मापाचा, आणि धंदा गावाच्या मापाचा.

मग तिकडं मेहकरच्या बाजूला मोठ्या रस्त्याचं काम निघालं.

शुक्रवारी खदान बंद असायची. चाचा नमाज आटोपून मोटरसायकल काढायचे आणि सत्तर-ऐंशी किलोमीटर जाऊन ते काम बघत बसायचे. लोक जत्रा बघायला जातात तसे हे पोकलेन बघायला जायचे. मलाही एकदा घेऊन गेले. मी खोटं कशाला बोलू, मशीन बघण्यासारखी होती. आमच्या लहान पोकलेननं पाच वेळा वाकून जेवढा दगड उचलला असता तेवढा ती एका घासात उचलत होती. मागे हायवा ट्रकांची रांग. एक भरला की दुसरा मागे लागलेलाच. तिथल्या एका तरुण इंजिनिअरनं चाचांची हौस बघून त्यांना केबिनमध्ये बसवलं. थंडगार एसी, गादीची खुर्ची. खाली उतरल्यावर चाचांनी त्याला विचारलं की ही डिझेल किती पिते. त्यानं सरळ सांगितलं की तासाला पुष्कळ पिते, पण टनाच्या हिशेबानं लहान मशीनपेक्षा स्वस्त पडते.

तो पोरगा खोटं बोलला नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण पुढं गावानं त्या बिचाऱ्यालाही सोडलं नाही. त्याच्या रस्त्यावर ते शंभर टक्के खरं होतं. तिथं ती मशीन सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकदाही थांबत नव्हती.  परत येऊन मोताळ्यात मला सोडताना चाचा म्हणाले, "मिस्तरी, ते उभीच नाई राह्यत रे." त्यांच्या डोळ्यांत मी लग्नातल्या नवरदेवासारखी चमक बघितली आणि मला हसू आलं. तेव्हा हसायला नको होतं असं नाही, पण आता ते हसू आठवलं की तोंड कडू होतं.

रस्ता झाला. कंपनीनं गाशा गुंडाळला आणि जुन्या मशिनी विकायला काढल्या. जालन्याचा एक दलाल चाचांना शोधत आला. किंमत नव्या मशीनच्या मानानं मातीमोल होती, तरी दोघांची जन्माची कमाई घालूनही भागत नव्हतं. त्यात लहान पोकलेन विकली तर मात्र जमत होतं.

देवराव नाही म्हणाला. त्याच्याजवळ काही हिशेब नव्हता, की दूरची नजरही नव्हती. त्याला फक्त ती लहान मशीन सोडायची नव्हती. त्यानं हट्ट धरला, रुसला, दोन दिवस खदानीत आला नाही, बायकोच्या माहेरी लोणारला जाऊन बसला. चाचांनी त्याला जाऊन आणलं, एका ताटात जेवले, आणि शेवटी आपलंच खरं केलं. गोड बोलून माणसाला हो म्हणायला लावणं त्यांना फार चांगलं जमायचं. मला त्यांच्या ह्याच गुणाचा सगळ्यात जास्त राग आहे.

चिखलीच्या एका ठेकेदारानं लहान पोकलेन घेतली. ती माझ्या वर्कशॉपातूनच ट्रेलरवर चढली. चढवली देवरावनंच, दुसरा कोणी तिला इतक्या हळू चढवू शकला नसता. वर गेल्यावर तो केबिनमधून उतरेचना. चाचा खालून म्हणाले, "उतर देवा, ट्रेलरवाला उभा हाय."

"मी नाई उतरत," देवराव म्हणाला. "हे जाते त मी बी जातो. ठेकेदाराले ऑपरेटर पाह्यजेच हाय."

चाचांना वाटलं गंमत करतोय. मग त्यांना कळलं की नाही. ते ट्रेलरच्या लोखंडाला हात लावून उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मोठी मशीन तुह्यासाठीच घेऊन राह्यलो ना बे. एसी हाय तिच्यात."

"मले एसी नाई लागत. तुले लागते."

एवढंच बोलणं झालं. चाळीस वर्षांच्या संगतीचा शेवट माझ्या दारात झाला आणि मी मधे पडून काही बोलावं अशी ती वेळही नव्हती. ट्रेलर निघाला. चाचांचा हात सवयीनं वर गेला होता, तो त्यांनी खाली घेतला.

मोठी मशीन आली तेव्हा गाव लोटलं. नाल्यावरचा पूल तिचं वजन पेलणार नाही म्हणून ट्रॅक्टरवाल्यांनी नाल्यात मुरूम टाकून तात्पुरती वाट बांधून दिली, हौसेनं, एक पैसा न घेता. नारळ फुटले, हार पडले. चाचांनी नव्या शर्टावर धूळ घेतली. मशीनबरोबर झारखंडचा एक ऑपरेटर आला होता, पंचेचाळिशीचा, शांत माणूस. पहिल्या नंबराची ट्रॉली पुढं आली. त्यानं बकेट भरली, ट्रॉलीवर आणली आणि जमेल तितकी अलगद सोडली. निम्मा दगड बाहेर सांडला. उरलेल्या निम्म्यानं ट्रॉलीचा अक्सल वाकला आणि एक टायर फुटलं.

लोक हसले. चाचाही हसले. ट्रॉली माझ्याकडं दुरुस्तीला आली, पैसे चाचांनी दिले.

मग ऑपरेटर अर्धी बकेट भरायला लागला. म्हणजे एवढी मोठी मशीन आणायची आणि अर्ध्या पोटानं चालवायची. तरीही दोन घासांत ट्रॉली भरायची, आणि लावलेल्या सगळ्या ट्रॉल्या बघता बघता संपून जायच्या. त्या क्रशरवर जाऊन परत येईपर्यंत मशीन उभी. इंजिन चालू. दहा मिनिटांनी एखादी ट्रॉली येणारच, म्हणून कोणी ते बंदही करत नव्हतं. चाचा खालून ओरडायचे, "काऊन उभं हाय?" वरून ऑपरेटर काच सरकवून सांगायचा, "ट्रॉली नहीं है, चाचा." दिवसभर हाच प्रश्न आणि हेच उत्तर.

मशीनचं घड्याळ तासांवर पळतं, दगडावर नाही. उचललं तरी तास मोजला जातो आणि नुसतं घुरघुरत बसलं तरी. तासाप्रमाणं डिझेल, तासाप्रमाणं ऑइल, तासाप्रमाणं फिल्टर. लहान पोकलेनचा फिल्टर मी माझ्या फळीवरून काढून द्यायचो. हिचा नागपूरहून मागवावा लागायचा. त्यात आणखी एक भानगड निघाली, जी आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. लहान बकेटमध्ये मोठा दगड मावायचाच नाही, म्हणून तो आपोआप मागे राहायचा आणि घणवाले तो फोडायचे. आता हिच्या बकेटमध्ये म्हशीएवढा दगडही मावत होता. तो ट्रॉलीतून क्रशरवर जायचा आणि तिथल्या जबड्यात अडकून बसायचा. क्रशरवाला शिव्या देत ट्रॉल्या परत पाठवायला लागला.

मी एक दिवस चाचांना बाजूला घेऊन बसलो. म्हटलं, ही मशीन वाईट नाही, तिला तिच्या मापाचं काम द्या. मोठे हायवा भाड्यानं लावा, जालन्याच्या बाजूच्या मोठ्या क्रशरला दगड पाठवा, ती थांबणार नाही आणि खरंच स्वस्त पडेल. नाहीतर विकून टाका आणि पुन्हा लहान घ्या. दोन्हींपैकी एक करा.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कानामागचा खडू काढून हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "हायवा लावले त मशीन चालन, हे मले बी समजते मिस्तरी. पन मंग गावचे ट्रॅक्टर उभे राह्यतीन. त्यायले काय सांगू, काऊन उभे हा?"

मग विका, म्हटलं.

"विकतो अन् देवाले काय तोंड दाखवू?"

बस. ह्या दोन वाक्यांत तो माणूस अख्खा होता, आणि ह्या दोन वाक्यांनीच तो बुडाला. गावासाठी नंबर सोडायचा नाही आणि देवरावसमोर हरायचं नाही. त्यांनी एकच काहीतरी धरायला हवं होतं. भलं तरी राहायला हवं होतं, नाहीतर ताठ तरी. दोन्ही एकदम परवडत नाही, निदान तेवढ्या मोठ्या मशीनवर बसून तरी नाही. मी हे त्यांना तोंडावर बोललो. ते चिडले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी फुल चहा मागवला. कटिंग त्यांना कधी चालला नाही.

आता गावाबद्दल. पलीकडच्या टेकडीवर बाहेरच्या एका ठेकेदारानं नवी खदान काढली. मध्यम मापाच्या दोन पोकलेन, जवळच स्वतःचा क्रशर. नंबरबिंबर काही नाही, जो आधी घुसेल त्याचा दगड. आमचे ट्रॅक्टरवाले एकेक करून तिकडं गेले. आधी सरपंचाचा पुतण्या गेला, त्याचं मला काही वाटलं नाही. पण मग तो गेला, ज्याच्या ट्रॉलीचा अक्सल चाचांनी स्वतःच्या पैशानं बदलून दिला होता. मग मेहुणा गेला. चौकात बसून हेच लोक सांगायचे की म्हाताऱ्याला मशीनचं वेड लागलं, आम्ही तेव्हाच म्हणत होतो. कोणीही म्हणालं नव्हतं. नाल्यात मुरूम टाकताना तर सगळे नाचत होते. ज्यांचे ट्रॅक्टर उभे राहू नयेत म्हणून त्या माणसानं आपली मशीन उभी ठेवली, त्यांच्यापैकी एकानंही तिकडं जाण्याआधी येऊन सांगितलं नाही की चाचा, आम्ही जातो.

हायड्रॉलिक पंपाचं बघायला मी गेलो होतो, त्या सकाळी खदानीत एकही ट्रॉली नव्हती. मशीन घुरघुरत होती. चाचा नंबराच्या जागेवर खडू हातात धरून उभे होते. मी येताना दिसलो तसे ते बोलतील असं वाटलं, पण ते काही विचारेनात. शेवटी त्यांनी ऑपरेटरकडं बघून हातानंच इंजिन बंद करायची खूण केली. ते बंद झाल्यावर मला पहिल्यांदा कळलं की त्या टेकडीवर पाखरं आहेत.

पावसाळ्यात नाल्यातली मुरुमाची वाट वाहून गेली. चाचा शेवटी विकायला तयार झाले होते, गिऱ्हाईक आलं होतं, भावही बरा देत होतं, पण मशीन बाहेर काढायची कशी? वाट पुन्हा बांधून द्यायला आता ना कोणाचा ट्रॅक्टर आला, ना कोणाचा मुरूम. चाचांनी दोघातिघांना विचारलं. त्यांचे ट्रॅक्टर कामावर होते. मशीन आजही तिथंच आहे. खदानीच्या तळाशी पाणी साचतं, त्यात तिचे पट्टे निम्मे बुडालेले असतात. पोरं बकेटमधून पाण्यात उड्या मारतात.

चाचा चिखलीला लेकीकडं राहायला गेले. जावयाचं टायर पंक्चरचं दुकान आहे. तिथं ते बाहेर स्टुलावर बसलेले असतात असं ऐकून होतो. गेल्या उन्हाळ्यात मी पार्ट आणायला चिखलीला गेलो, तेव्हा बाजाराच्या रस्त्यावर पाइपलाइनचं खोदकाम चाललं होतं. पोकलेन मी लांबूनच ओळखली. नवा रंग मारला होता, पण केबिनची एक काच अजून पत्र्याचीच होती. आत देवराव. पार म्हातारा झालेला, चष्मा लागलेला, पण शिव्या तशाच.

पलीकडच्या बाजूला, बघ्यांच्या घोळक्यात, जाळीची टोपी दिसली. चाचा काठी टेकून उभे होते. भुवया आता धुळीशिवायच पांढऱ्या झाल्या होत्या.

मी हाक मारणार तेवढ्यात देवरावचं लक्ष गेलं. भरलेली बकेट वर उचललेली होती, ती त्यानं तशीच हवेत धरली. खाली ट्रॉली वाट बघत होती. इतक्या वर्षांनी दोघं समोरासमोर, मध्ये जेमतेम एक चारी. देवरावचं तोंड हललं, काहीतरी बोलायचं होतं त्याला. मला मनापासून वाटलं की आता चाचा विचारतील. त्यांनी तेवढं विचारलं असतं तरी सगळं सरळ झालं असतं, असं मला आजही वाटतं.

प्रश्न आला, पण ठेकेदाराच्या मुकादमाकडून. तो पंचविशीतला, गॉगलवाला, फोनवरून मान वर न करता देवरावला ओरडला, "ए बुढ्या, काऊन उभं हाय बे?"

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. देवरावनं ना त्याच्याकडं बघितलं, ना दांडा ओढला. तो चाचांकडंच बघत राहिला. चाचांनी मान खाली घातली. मग काठी डाव्या हातात घेतली, पाठ फिरवली, आणि जाता जाता मागे न बघता उजवा हात डोक्यावर नेऊन एकदा गोल फिरवला.

देवरावनं ट्रॉली भरली.